उंदरांचा अ‍ॅनिमिया आणि आमच्या लेकीबाळींचा

माननीय संपादक,
स. न.

पाल्याच्या अर्काने अ‍ॅनिमिक, म्हणजे रक्त कमी झालेल्या, उंदरांचं रक्त वाढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आपल्याच भागातल्या फार्मसीच्या पोरांनी शेवग्याच्या पानांवर एवढी मेहनत घेतली याचं कौतुक आहे. पण त्या बातमीचं कात्रण आमच्या गल्लीत घरोघर फिरलं, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीने आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. विचारलं तर म्हणाली, "गोया खाधात का मयमयस, पालाना रस बरा." सातवा महिना चालू आहे तिचा.

मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रक्त तपासलं. सुरुवातीला हिमोग्लोबिन मोजायला साहलीची नळी होती. रक्तात आम्ल घालायचं, तपकिरी रंग काचेच्या पट्टीशी जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी टाकत बसायचं. दोघांनी पाहिलं तर एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडे. त्यामुळे 'वाढलं' हा शब्द वाचला की कशाने मोजलं आणि कोणाच्या तुलनेत, हे विचारायची खोडच लागली आहे.

म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, उंदीर अ‍ॅनिमिक केले कसे? फिनाइलहायड्रॅझिन टोचून. अशा प्रयोगांत बहुधा हेच वापरतात. हे रसायन तांबड्या पेशी फोडतं. पेशी फुटतात, पण त्यांतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं. ते वापरून अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, जोमाने नव्या पेशी करते आणि टोचणं थांबवलं की दोनेक आठवड्यांत उंदीर आपसूक सावरतो, अर्क पाजा नाहीतर नुसतं पाणी. तेव्हा ज्या उंदरांना टोचलं पण अर्क दिला नाही, त्यांचे आकडे शेजारी मांडले तरच अर्काचं काम दिसेल. आपल्या बातमीत ते नव्हते.

कपाशी निंदायला अनवाणी जाणाऱ्या बाईचं दुखणं वेगळं. तिच्या पेशी कोणी फोडलेल्या नाहीत. पेशी बनवायला लोहच शिल्लक नाही. पाळीत जातं, बाळंतपणांत जातं, अनवाणी पायांतून शिरलेले अंकुशकृमी आतड्यात बसून रक्त पितात. ताटात जे पडतं त्यावर जेवल्या जेवल्या चहा, आणि चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. टॅनिन बऱ्याच झाडपाल्यातही असतं, हे अर्कवाल्यांनीही ध्यानात घ्यावं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमिक निघाल्या. त्यांच्यासाठी अर्क तपासायचा तर उंदरांना बिनलोहाचं खाद्य घालून तसाच अ‍ॅनिमिया आणावा लागेल. आणि प्रयोगशाळेतला अल्कोहोलमधला अर्क म्हणजे घरचा रस नव्हे. काय उतरेल आणि काय चोथ्यात राहील, ते द्रावकावर ठरतं.

सातपुड्यात तर तिसरीच गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे. तिथे पेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर मरतात. वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात लोह उलट साठतं. त्याला लोहाचा पाला कशाला? वनस्पतींचं सिकलवर काही चालतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. नायजेरियात चार वनस्पतींचं एक औषध झालं. त्यात लवंग होती आणि आपल्या ज्वारीचं पानसुद्धा. पण ते रुग्णांवर, खोट्या औषधाशी तुलना करून तपासलं आणि दुखण्याचे झटके कमी झाल्याचं दिसलं तेव्हाच पुढे गेलं.

आणखी एक खंत. २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने पाच आकांक्षित (सरकारने विकासासाठी निवडलेल्या मागास) जिल्ह्यांतल्या किशोरींच्या अ‍ॅनिमियासाठी आयुर्वेदिक औषधांचा प्रकल्प घेतला. महाराष्ट्रातून गडचिरोली. नंदुरबारही आकांक्षित जिल्हाच, पण तो यादीत नाही. त्या औषधांपैकी पुनर्नवादि मंडूरातला मंडूर म्हणजे लोहाचंच भस्म, म्हणजे जुन्या वैद्यांनीही नुसत्या पाल्यावर भिस्त ठेवली नव्हती. असा प्रकल्प इकडे यावा, आणि आधी सिकलची तपासणी करूनच मुली निवडाव्यात.

आपणाला विनंती एवढीच, की अर्क न दिलेल्या उंदरांचे आकडे महाविद्यालयाकडून मागवून त्याच पानावर छापावेत. गल्लीतल्या मुलीला मी लिंबू पिळून शेवग्याची भाजी खायला सांगितलं आहे. गोळ्या रात्री जेवणानंतर घेऊन पाहा, मळमळ कमी होईल, असंही सांगितलं. कात्रण मात्र ती अजून देत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
शहादा, जि. नंदुरबार