मान वर केलेला गोजिरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप येऊन तीन आठवडे होऊन गेले. 'तो १९५४चा गोजिरा घेतलास ना? कसा आहे? मीही घेऊ का?' त्या जपानी चित्रपटातल्या राक्षसाच्या, म्हणजे गॉडझिलाच्या, सांधे वळणाऱ्या छोट्या फिगरबद्दल एवढंच विचारलंस आणि मी उत्तर लांबवत राहिलो. डबा उघडल्याबरोबर लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक निघालं असतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर नुसती तक्रार. आता तीन आठवडे तो माझ्या टेबलावर उभा आहे. रोज येता-जाता त्याच्याकडे बघतो, कधी शेपटी वळवून बघतो, कधी फक्त मानच. तेव्हा आता बयाजवार सांगता येईल.

आधी रंगाचं सांगतो, कारण डबा उघडताना धाकधूक त्याचीच होती. गोजिरा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिरवा प्राणी येतो. हा हिरवा रंग खेळण्यांनी आणि पोस्टरांनी रुजवला. पडद्यावर आत माणूस शिरून चालवायचा त्या पहिल्या रबरी सूटचा रंग कोळशासारखा काळपट राखाडी होता. माझी फिगर तशीच आहे. खोल भेगांमध्ये जवळजवळ काळी, उंचवट्यांवर किंचित उजळ, आणि कुठेही चकाकी नाही. नखं आणि दात मळकट हस्तिदंती. पाठीवरच्या पात्यांच्या कडांना फिकट रंगाचा हात दिलाय, तोही इतका हलका की उजेड तिरका पडल्याशिवाय दिसत नाही. ज्याने कुणी रंगकामाचा नमुना ठरवला त्याने तो चित्रपट नीट पाहिलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी परीक्षा कानांची आणि बोटांची. १९५४च्या गोजिराला छोटे कान आहेत आणि पायाला चार बोटं. १९६२मध्ये तो किंग काँगशी भिडला तेव्हा कान गेले आणि बोटं तीन झाली. स्वस्तातल्या फिगरांमध्ये ही सरमिसळ सर्रास सापडते, वर '१९५४' छापलेलं आणि खाली पाय पुढच्या काळातले. इथे दोन्ही बरोबर आहे. पाय उलटा करून मी बोटं मोजली तेव्हा जो आनंद झाला तो तुलाच कळेल.

आता कातडी. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मूळ गोजिरा घडवणारे शिल्पकार तेइझो तोशिमित्सु. त्यांनी आधी खवल्यांची, मग चामखिळींची अशी कातडी करून पाहिली आणि शेवटी मगरीसारखी खडबडीत, उभ्या गाठींची कातडी पक्की झाली. ती पाहून हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या अंगावरचे केलॉइड, म्हणजे भाजल्यावर उरणारे फुगीर गाठींचे व्रण आठवतात, असं आजवर अनेकांनी म्हटलंय. हे एकदा वाचलं की त्या कातडीकडे नुसतं नक्षीकाम म्हणून बघता येत नाही. भिंगाखाली बघितलं तर या फिगरच्या छातीवर आणि मांड्यांवर गाठी एकसारख्या नाहीत. कुठे दाट झाल्यात, कुठे ओढल्यासारख्या लांब गेल्यात, कुठे एकमेकींत मिसळल्यात. यंत्राने एकच ठसा पुन्हापुन्हा उमटवला असता तर हे झालं नसतं. बोट फिरवलं की वाळलेल्या लाव्ह्यासारखं लागतं. मी खूप फिगरा हाताळल्यात, पण एखाद्या कातडीवरून बोट फिरवताना वाईट वाटावं, हे पहिल्यांदाच झालं.

तुला तो काळ माहीत आहेच, तरी लिहितो, कारण फिगर हातात घेतल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर त्याची किरणोत्सारी राख पडली. त्यातल्या एकाचा त्याच सप्टेंबरात मृत्यू झाला आणि ३ नोव्हेंबरला गोजिरा पडद्यावर आला. चित्रपटाची सुरुवातच समुद्रात लखकन उजेड होऊन एक बोट जळण्यापासून होते. थिएटरात बसलेल्यांना ती बोट कुठली हे कुणी सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून आले होते. म्हणून मला वाटतं, या राक्षसाची फिगर करणाऱ्याने त्याला नुसता भयंकर केला तर काम अर्धंच झालं. तो जखमीही दिसला पाहिजे.

आता जिथे माझं आणि कंपनीचं बिनसलं तिथे येतो.

ही फिगर तीसेक ठिकाणी वळते. मान दोन जागी, जबडा, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, खुबे, गुडघे, घोटे, आणि शेपटीचा तर जवळजवळ प्रत्येक मणका. डब्यावरच्या फोटोंत तो कुस्तीगिरासारखा वाकलेला आहे, एक पाय उचललेला, पंजे पुढे झेपावलेले. मी तसं करून पाहिलं. पाय पुढे घेतला की खुब्यापाशी कातडी दुभंगते आणि आतला गुळगुळीत गोळा दिसतो. इतक्या जिव्हाळ्याने घडवलेल्या कातडीला तिथे खिंडार पडतं. कंबर वळवली की पोटावरच्या गाठींची ओळ तुटते. आणि मुख्य म्हणजे, त्या पवित्र्यात तो गोजिरा वाटतच नाही. पहिला दिवस मी याच रागात काढला.

मग मापांचा हिशेब मांडला आणि माझा राग निराळ्या वाटेने गेला. पडद्यावरचा गोजिरा ५० मीटर उंच. माझी फिगर १६ सेंटीमीटर, म्हणजे तीनशेहून थोडी जास्त पट लहान. या मापाने माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा होतो. पण चित्रपटाचे विशेष दृश्यपरिणाम करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी छोटं टोकियो उभं केलं होतं ते १:२५ या प्रमाणात, म्हणजे त्यातून चालणारा सूट सुमारे दोन मीटरचा. त्या सूटच्या हिशेबाने फिगर साधारण बारा पट लहान. मग ही प्रतिकृती कुणाची, राक्षसाची की सूटची?

मी गुडघा कुठे आहे ते पाहिलं. मांडीच्या जाडजूड घेरामध्ये, आत उभा असलेल्या माणसाचा गुडघा जिथे येईल बरोबर तिथे. कोपराचंही तेच. घोटा प्राण्याच्या घोट्यासारखा मागे-वर नाही, माणसाच्या टाचेजवळ आहे. घडवणाऱ्याने आत माणूस धरूनच हे अंग बेतलंय! त्या रात्री मला त्या सूटच्या आत शिरणारे नट हारुओ नाकाजिमा दिसायला लागले. तो सूट सुमारे १०० किलोचा होता. त्याच्याआधी केलेला पहिला सूट तर इतका ताठर आणि जड निघाला की त्याचे कंबरेपाशी दोन तुकडे केले आणि खालचा भाग नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी वापरला. नाकाजिमांनी उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलं आणि हत्ती कसे चालतात ते बघून ठेवलं होतं. दिव्यांच्या उष्णतेत, रबराच्या आत, त्यांना पाऊल उचलून टाकणं कठीणच होतं. म्हणून गोजिरा पाऊल उचलत नाही, घासत पुढे नेतो. खांदे हलतात, धड मागून येतं आणि शेपटी सगळ्यात शेवटी. कॅमेरा जास्त वेगाने चालवून ती चाल पडद्यावर आणखी संथ केली होती. आपण ज्याला त्या राक्षसाचं वजन म्हणतो ते एका माणसाचे कष्ट आहेत. हेच नाकाजिमा पुढे १९७२पर्यंत, बारा चित्रपटांत, त्या कातडीत शिरत राहिले.

तेव्हा मी पाय पुन्हा सरळ केले. उजवं पाऊल अर्ध्या बोटाएवढं पुढे, टाच खाली टेकलेली. कोपरं अंगालगत, पंजे थोडे लोंबते. शेपटी जमिनीवरून एकाच सलग वळणात. खुब्यातली फट मिटली, पोटाची ओळ जुळली, आणि टेबलावर तो उभा राहिला. तीस सांध्यांपैकी पंचवीस मी आता हलवतच नाही. मला विचारशील तर ही फिगर उभी राहण्यासाठी उत्तम घडवलीय आणि झुंजण्यासाठी विकलीय. डब्यावरचे फोटो विसरायची तयारी असेल तर जरूर घे.

बाकीच्या तक्रारी पटापट सांगून टाकतो. तोंडातून निघणाऱ्या किरणाचा एक निराळा तुकडा सोबत येतो, तो मला आवडला नाही. त्या चित्रपटात तोंडातून निघतं ते धुक्यासारखं काहीतरी, शहरावर फुंकर घालावी तसं. इथे पारदर्शक प्लॅस्टिकची जाड कांडी दिलीय. शिवाय ती बसवताना पुढच्या दातांचा रंग खरवडला जातो, माझ्या एका दाताचा गेलाच. तू बसवूच नकोस. डावा घोटा जरा सैल आहे आणि दोन आठवड्यांनी धड किंचित पुढे कललं होतं. शेपटीचा टेकू नीट दिला की थांबतं. शेपटीचा तिसरा सांधा रंगाने चिकटून आला होता. जोर लावला असता तर खुंटीच तुटली असती. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मिनिटभर दिली, मग हलकेच डावी-उजवीकडे केलं, सुटला. हे लक्षात ठेव. नवी फिगर हाती आली की पहिल्यांदा सगळे सांधे कोमट करून मगच वळवायचे.

चेहरा मात्र अप्रतिम. चित्रपटात जवळच्या दृश्यांसाठी हाताने चालवायची निराळी बाहुली होती आणि तिचं तोंड सूटच्या तोंडाशी तंतोतंत जुळत नाही. फिगर करणाऱ्यांची इथे नेहमी गफलत होते. दोन्हींतलं थोडं थोडं उचलतात आणि धड एकही चेहरा उतरत नाही. या माणसाने सूटचा चेहरा निवडला आणि शेवटपर्यंत त्याच्याशी इमान राखलं. डोळे मोठे, वर पांढरा भाग जास्त, नजर किंचित खाली. समोरून बघितलं तर तो रागावलेला दिसतो. पण जबडा मिटवून मान थोडी वर केली की तेच डोळे गोंधळलेले दिसतात, आपल्याला कुणी झोपेतून उठवलं आणि का उठवलं हे न कळलेल्यासारखे.

आपण दोघांनी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला ती रात्र तुझ्या लक्षात आहे ना? टीव्हीवर शाळेतल्या मुली शांततेची प्रार्थना गातात आणि आपलं संहारक अस्त्र वापरायला नकार देणाऱ्या शास्त्रज्ञ सेरिझावाचा निश्चय बदलतो, त्या दृश्यापासून तू गप्प झाला होतास. मग समुद्राच्या तळाशी तो आपली हवेची नळी कापतो, गोजिरा एकदा पाण्यावर येऊन ओरडतो आणि खाली जातो, नुसता सांगाडा उरतो. दिवा लावला तेव्हा तू विचारलंस, 'तो मेला तर मला बरं वाटायला हवं होतं ना?' मला काही बोलता आलं नव्हतं. आजही तुझा तो प्रश्न मला त्या चित्रपटावर वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा मोठा वाटतो.

परवा रात्री वीज गेली होती. टेबलावर एकच दिवा होता, खालून, डाव्या हाताला. गोजिराची सावली भिंतभर गेली. कातडीवरच्या प्रत्येक गाठीला आपापली छोटी सावली पडली, राखाडी रंग उरलाच नाही, नुसतं काळं आणि उजळ. तेव्हा उमगलं की दिवसाच्या उजेडात जो रंग मला नुसता बरोबर वाटत होता तो मुळात याच उजेडासाठी आहे. हा प्राणी कृष्णधवल फिल्मवर, रात्रीच्या दृश्यांसाठी घडवलेला. मी जबडा अर्धा उघडला आणि मान होती तेवढी वर केली, शेवटच्या दृश्यात असते तशी. आणि मला तो आवाज ऐकू आला. चित्रपटाचे संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल-बासच्या तारेवरून ओढून काढलेला तो आवाज. त्याला डरकाळी म्हणतात खरं, पण त्यात कण्हणं आहे. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. वीज आली तरी वरचा दिवा लावला नाही.

तर घे, मित्रा. पहिल्या दिवशी त्याला झुंजवू नकोस. कान बघ, बोटं मोज, कातडीवरून हात फिरव. उन्हात ठेवू नकोस, प्लॅस्टिक चिकट व्हायला लागतं. मग रात्री एकच दिवा लाव, खालून, आणि मान वर कर. काय वाटलं ते मला लगेच लिही. लांबलचक लिहिलंस तर फारच उत्तम.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच

ता. क. शेपटीचं टोक डब्यात वेगळं येतं, ट्रेच्या मागच्या बाजूला पातळ कागदाखाली. मला ते सापडेपर्यंत दोन दिवस माझा गोजिरा आखूड शेपटीने उभा होता. डबा टाकून देण्याआधी तो कागद उचलून बघ.