अंगावर सूज, तरी बीपी खाली

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

पेशंट अंगभर सुजलेला, आणि तरी डायलिसिसला लावला की अर्ध्या तासात बीपी कोसळतं. मग पाणी जास्त की कमी, असं विचारलंस. दोन्ही, बाळा. सूज ऊतींत असते, मशीन ओढतं रक्तातून. ऊतींतलं पाणी रक्तात परतायला वेळ लागतो. सेप्सिस (रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग) असेल, अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) घसरलेलं असेल तर फारच. म्हणून किती जास्त आहे याआधी आत्ता तासाला किती सोसेल ते बघ.

वजनावर फार विसंबू नकोस. आयसीयूत पडून पडून मांस झडतं, त्यामुळे जुन्या ड्राय वेटला, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनाला, काटा जुळला तरी आत पाणी साचलेलं असू शकतं.

फुप्फुसाची सोनोग्राफी मात्र रोज कर. प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये धरलास की प्लुराच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या, रेघेपासून स्क्रीनच्या तळापर्यंत पांढरे पट्टे उतरताना दिसतील, श्वासाबरोबर सरकणारे. या बी-लाइन्स. एका फटीत 3 किंवा जास्त, तेही दोन्ही बाजूंना, तर पाण्याचा संशय घे. न्यूमोनिया, एआरडीएस (दाहाने फुप्फुसं निकामी होणं) यांतही त्या दिसतात, पण तिथे प्लुराची रेघ बहुधा खडबडीत असते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर त्याच जागा बघ.

आयव्हीसीचं, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेचं, तुम्हा मुलांना भारी कौतुक! व्हेंटिलेटरवर ती एरवीही फुगलेली दिसते, उजवं हृदय थकलेलं असलं तरी तसंच. चपटी दिसली तर मात्र पाणी ओढायची घाई नको.

माझा भरवसा पाय उचलण्याच्या चाचणीवर. मशीन सुरू करण्याआधी पलंगच कलता करून धड आडवं, पाय 45 अंश वर. मिनिटभरात एकोवर व्हीटीआय, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकतं याचं माप, मोज. पायांतलं रक्त वर येऊन तो 10 टक्क्यांहून जास्त वाढला, तर हृदयाला रक्त कमी पडतंय, पाणी काढताच बीपी पडण्याची शक्यता दांडगी. नुसत्या बीपीवरून हे कळत नाही. पोट टम्म असेल तर ही चाचणीही फसते.

मशीनवर ब्लड व्हॉल्यूमचा आलेख असेल तर उतार बघ. एकदम घसरला की यूएफ, म्हणजे पाणी ओढण्याचा वेग, कमी कर. बायोइम्पीडन्सचा (अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून मोजतात तो) आकडा अंगातल्या पाण्याचा असतो, रक्तवाहिन्यांत किती आहे ते तो सांगत नाही.

4 तासांत न निघणारं पाणी 8-10 तासांच्या स्लेडमध्ये, म्हणजे संथ लांबवलेल्या डायलिसिसमध्ये, बरेचदा निघतं. उद्या राउंडलाच सरांना विचार, कारण रात्रीच्या टेक्निशियनची सोय त्यांनाच करावी लागेल.

तुझी,
आई