पंप बदलण्याआधी गळती बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पंप बदलायचा म्हणून तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. हीटिंगच्या पंपाच्या खालच्या नटाभोवती हिरवट-पांढरी पुटं चढली आहेत, ती काही आजची नाहीत. तिथून पाणी टपकताना दिसत नाही, म्हणजे गळत नाही असं समजू नकोस. गरम पाइपावर थेंब बाहेर येतो न येतो तोच वाळतो आणि क्षार तेवढे मागे राहतात. शिवाय फोनवर तू सहज बोलून गेलीस, की दाबाच्या गेजचा काटा उतरला की नळ उघडून पाणी भरते, चालतंय. पंपापेक्षा मला त्या ‘चालतंय’चीच काळजी वाटते.

बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंप घरभरच्या रेडिएटरमधून फिरवतो. या बंद यंत्रणेत तेच ते पाणी फिरत राहिलं पाहिजे. सुरुवातीला त्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला थोडा गंज चढवतो आणि संपतो. मग गंजणंही जवळपास थांबतं. तू दर वेळी ताजं पाणी भरतेस आणि सोबत ताजा ऑक्सिजन आत पाठवतेस. रेडिएटर आतून झिजतात, त्याचा बारीक काळा गाळ होतो. मॅग्नेटाइट म्हणतात त्याला. चुंबकाला चिकटतो, आणि नव्या पंपांच्या रोटरमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या भागात, कायमचं चुंबकच बसवलेलं असतं! त्यात या पंपांना वेगळं तेल-ग्रीस नसतं. रोटर त्याच पाण्यात फिरतो, बेअरिंगला वंगणही त्याच पाण्याचं. गळती तशीच ठेवून नवा पंप बसवलास तर तोही या गाळानेच जाईल.

पंप खरंच गेलाय का, तेही आधी बघ. बरेच महिने बंद राहिला की गाळाने रोटर अडकतो. नुसती घरघर येते, फिरत नाही. जुन्या धाटणीच्या पंपाला समोर मधोमध मोठा स्क्रू असतो. वीज बंद करून, पंप थंड झाल्यावर तो काढ, थोडं पाणी येईल ते येऊ दे, आणि आतला दांडा स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच फिरव. मोकळा झाला तर बरेच दिवस निभावतो. मोकळा होऊनही नुसताच गुणगुणत असेल तर मोटरला फिरायला लावणारा कपॅसिटर गेला असेल. दांडा डगमगत असेल, खरखर येत असेल, तर मात्र बदलच.

नवा आणताना दोन्ही तोंडांमधलं अंतर मोज. घरगुती पंपांत ते बहुतेक 130 किंवा 180 मिलिमीटर असतं. प्रवाहाचा बाण जुन्यासारखाच ठेव. आणि मोटरचा दांडा आडवाच हवा. मोटर आभाळाकडे तोंड करून बसवली की हवा वर साचते आणि बेअरिंग कोरडी पडते. हे चांगले चांगले विसरतात.

काम करताना मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री, पाणी पूर्ण थंड. वायरी सोडवण्याआधी त्यांचा फोटो काढ. हात थरथरणार असेल तर तेवढं इलेक्ट्रिशियनला करू दे. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद कर, पण वर्षानुवर्षं न हललेल्या व्हॉल्व्हवर विश्वास ठेवायचा नाही. खाली भांडं धर, नट जरासा सैल कर आणि थांब. पंपातलं काळं पाणी येईल, मग धार बारीक होत थांबली पाहिजे. थांबत नसेल तर व्हॉल्व्ह धरत नाहीये. नट परत आवळ आणि यंत्रणा रिकामी केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. नट फिरवताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेव, नाहीतर पाइप पिळला जाऊन मागचा सांधा गळायला लागेल.

वायसर नवेच घाल. जुना कितीही चांगला दिसला तरी तो दबून कडक झालेला असतो. बसण्याची जागा पुसून, खरवडून स्वच्छ कर. त्या नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. तिथे पाणी अडवतो तो चपटा वायसर, आटे नव्हेत. आणि ताकद लावून आवळलं की वायसर फाटतो.

आता बाकीची गळती. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक सांध्याभोवती फिरव, डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याला कळतो. रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी ओल असेल तर दांड्याभोवतीचा ग्लँडचा नट किंचित आवळून भागतं. नटाच्या सांध्यातून येत असेल तर तो थोडासाच आवळून बघ. ऐकलं नाही तर पाणी काढून आतली पितळी रिंग बदलावी लागेल. रेडिएटरलाच बारीक भोक पडलं असेल तर लांबी-बिंबी लावत बसू नकोस, रेडिएटर बदल.

कुठेच ओल नाही आणि काटा तरीही उतरतोय? मग तापल्यावर तो कुठे जातो ते बघ. 3 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) जवळ जात असेल तर एक्सपान्शन टाकीतली, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीतली, हवा गेली असेल. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेरच्या नळीतून निघून जातं आणि घरात थेंब दिसत नाही. हे काम आणि बॉयलरच्या झाकणाआतलं काहीही परवानाधारक तंत्रज्ञाचं. गॅसशी खेळ नाही.

भरताना थंड असताना 1 ते 1.5 बारपर्यंत भर. पंप बंद ठेवून खालच्या मजल्यापासून रेडिएटरची हवा काढत वर जा, काटा उतरला की परत भर. गंजरोधक औषध डब्यावर लिहिलंय तेवढंच घाल. निघालेलं पाणी फारच काळं असलं तर औषधाआधी सगळी यंत्रणा धुऊन घ्यावी लागेल.

उद्या रात्री हीटिंग बंद कर. सकाळी सुरू करण्याआधी गेज बघ आणि आकडा लिहून ठेव. असं काही दिवस कर, मधे पाणी भरू नकोस. मग ते आकडे मला पाठव. पंप मागवायचा तो त्यानंतर.

तुझी,
आई

ता. क. पाइपाखाली लावलेलं फडकं काढून टाक. ते भिजलंय की कोरडं, हे तूच बघत नाहीस.