टीटीचं इंजेक्शन घेतलंस का?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

नैरोबीला पोचल्याचा तुझा मेसेज आईने मला चारदा वाचून दाखवला. विमानतळावर मी जे बोललो त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, म्हणून मीच लिहितो. ‘तुझ्या त्या गेंड्यांच्या दोन माद्या उरल्या, नर एकही नाही, बैल गेला नि झोपा केला,’ हे मी म्हणायला नको होतं. निदान तुझ्या मैत्रिणींसमोर तरी नको होतं.

पण सायले, खोटं काय त्यात? दक्षिणेकडचे पांढरे गेंडे एकदा शंभराच्या आत आले होते, आज पंधरा हजारांवर आहेत, हे तूच सांगितलंस. ते काही नळीत वाढले नाहीत. माणसांनी राखण केली, वाढले तसे दुसऱ्या रानात नेऊन सोडले. काझीरंगातही तेच, 2022च्या गणतीत 2613. तिथे झोपा वेळेवर लागला. तुझ्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांना झेक प्राणिसंग्रहालयातून केनियातल्या ओल पेजेता अभयारण्यात आणलं ते 2009च्या डिसेंबरात, तेही चारच. 2018ला सुदान, त्यांच्यातला शेवटचा नर, गेला. आता नाजिन आणि फातू, मायलेकी, आणि दोघींच्या पोटी गर्भ वाढायचा नाही.

बघ, लागलो भाषण द्यायला. राहू दे.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. नळीत केलेला गर्भ दक्षिणेकडच्या ज्या मादीत ठेवला होता ती 2023च्या नोव्हेंबरात कशाने गेली, ते मी वाचलं. अतोनात पाऊस झाला आणि मातीतले जंतू वर आले. पोटातला नर गर्भ सत्तर दिवसांचा, साडेसहा सेंटीमीटरसुद्धा नाही. म्हणजे गर्भ धरला होता, पोरी! पण जंतू कोणता? आपल्या गुरांच्या फऱ्या रोगाच्याच कुळातला. धनुर्वातही त्याच भावकीतला. तुला टीटी घेऊन किती वर्षं झाली? शिरवळला असताना पत्रा लागला होता तेव्हा घेतलं होतंस, त्यानंतर?

तू तिसरीत असताना बैलाचं बी गोठवून ठेवायच्या माझ्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये जास्वंद बुडवलीस आणि ओट्यावर आपटलीस. काचेसारखी फुटली. मी धपाटा घातला, तर रडायचं सोडून तू विचारलंस, ‘अण्णा, मग आतल्या बैलाचं बी का फुटत नाही?’ तीस वर्षं मी त्या कॅनातून गाई भरल्या, मला कधी असं सुचलं नाही. आता तू मेलेल्या गेंड्यांचं गोठवलेलं बी आणि फातूची स्त्रीबीजं यांच्या मागे लागलीस. डेअरीवर मी सांगितलं तर पोरं हसली. मी त्यांना गेंडी सोळा महिने गाभण असते, इथपासून सुनावलं. दुधाची गाडी खोळंबली.

फातूला भूल देऊन बीजं काढतात तेव्हा तू कुठे उभी असतेस? अनवाणी फिरू नकोस. बुटाला चिखल लागला तर नखांनी काढू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. चिडू नकोस, तू डॉक्टर आहेस, मी साधा रेतन करणारा.

तांबडी गाय परवा पुन्हा उलटली, गाभण राहिली नाही. तिसरी वेळ. भाऊ म्हणतो, बाजार दाखवा. मी अजून एकदा भरून बघणार आहे.

तुझे,
अण्णा

ता. क. इंजेक्शनच्या कार्डाचा फोटो आईला नको, मला पाठव.