एका शाळेत दोन चहा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी गेल्यापासून तुझं एक वाक्य मनातून जात नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी विसळत होते, तू मागे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "आई, मी शाळेत जातो, पण शिकवत नाही. माझ्यात ते नाहीच बहुतेक." घरात पाहुणे होते, आणि मी तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. म्हणून आज लिहिते आहे.

तुझ्यात ते आहे. २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत तुझं नाव लागलं, जव्हारकडची शाळा मिळाली, तेव्हाचे तुझे फोन मला आठवतात. पहिले दोन महिने मुलांशिवाय दुसरा विषय नसायचा. कोण बोलत नाही, कोण धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत येतं, कोणाला 'ढ' काढता आला. मग हळूहळू तुझ्या बोलण्यातून मुलं कमी झाली. लिंक भरायची आहे, फोटो टाकायचे आहेत, मस्टरवरून बोलले, पोषण आहाराचा हिशेब जुळत नाही. मुलांची नावं येईनाशी झाली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. कारण हे माझ्यावरून गेलेलं आहे, आणि तुला मी ते कधी सांगितलं नाही.

१९८६ साली डी.एड. होऊन मी पहिल्या शाळेत हजर झाले तेव्हा एकवीस वर्षांची होते. शाळेचं नाव घेत नाही. सहा जणांचा स्टाफ आणि त्यात दोन गट. मधल्या सुट्टीत दोन वेगवेगळे चहा व्हायचे, एक ऑफिसात आणि एक चौथीच्या वर्गात. पहिल्याच दिवशी मला कळलं की कुठला चहा पितो यावर इथे माणूस ठरतो. पुढे सरकारच्या खडू-फळा योजनेतून साहित्य आलं, नकाशे, पृथ्वीचा गोल, ढोलकी, गणिताची पेटी. मुख्याध्यापकांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. फुटलं तर भरपाई कोण देणार, म्हणून. मुलं खिडकीतून कपाटाकडे बघायची.

मी घरी बसून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरकार्डं केली होती. पहिलीची मुलं त्यांच्याशी पत्त्यांसारखी खेळायची. एकदा विस्तार अधिकारी यायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले आणि मुलांसमोर म्हणाले, "बाई, हा खेळ बंद करा, फळ्यावर तारीख आणि पट लिहा." शेजारच्या वर्गातले गुरुजी हसून म्हणाले, "नव्या आहेत, उतरेल." आणि उतरलं, निखिल. दुसऱ्या वर्षी ती कार्डं माझ्या ट्रंकेत होती आणि मी खुर्चीत बसून मुलांकडून धडा एकापाठोपाठ एक वाचून घेत होते. पाचची घंटा कधी होते याकडे माझे कान असायचे. मला वाटायचं, मी वाईट शिक्षिका आहे. चार वर्षं मी हेच मानून काढली.

मग बदली झाली. नवी शाळा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती, एसटी दिवसातून दोनदा. तिथल्या मुख्याध्यापक गुरुजींनी हजर झाल्याच्या दिवशी माझ्या हातात साहित्याच्या कपाटाची किल्ली दिली. म्हणाले, "फुटलं तर फुटलं. न वापरता गंजलं तर मला वाईट वाटेल." माझा कानांवर विश्वास बसेना.

पुढच्याच वर्षी तपासणीत माझ्या हजेरीपटाची बेरीज चुकलेली निघाली, दोन महिन्यांची. साहेबांचा आवाज चढला. गुरुजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "खाली सही माझी आहे साहेब. मी बघायला हवं होतं." साहेब गेल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि आडवी बेरीज उभ्या बेरजेशी ताडून कशी बघायची ते पेन्सिलीने दाखवलं. त्या चुकीचा पुन्हा कधी उच्चारही केला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच जण व्हरांड्यात बसायचो, आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलायचं. इतकंच. मूल का येत नाही, कशात अडतं, काल अचानक काय बोललं. अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास व्हायचा. एसटी चुकायची आणि कोणी कुरकुर करायचं नाही.

महिन्याभरात कार्डं ट्रंकेतून बाहेर आली. मी तीच होते ना? पगार तोच, पुस्तकं तीच, मुलं तशीच गरिबाघरची. मग बदललं काय होतं? तळमळ म्हणून जे आपण म्हणतो ते माणसाच्या अंगात असतं हे खरं, पण ते भोवतालावर जगतं. रोज पाणउतारा होत असेल तर चांगल्या माणसाचीही ऊर्जा स्वतःला सांभाळण्यात जाते, मुलांपर्यंत काही उरतच नाही.

तू ज्या जिल्ह्यात आहेस तिथल्याच अनुताई वाघांचं उदाहरण आपण भाषणात नेहमी देतो. कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी आयुष्य घातलेली बाई. ते खरंच आहे. पण १९४५ मध्ये बोर्डीला त्या गेल्या त्या बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या सोबतीला, आणि १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत ती सोबत टिकली. अठ्ठावीस वर्षं रोज शेजारी बसून मुलांबद्दल बोलणारं माणूस होतं. आपण त्याग तेवढा सांगतो, सोबत सांगायची विसरतो. आणि मग तुझ्यासारखी पोरं एकटीच स्वतःला दोष देत बसतात.

तुझ्या मुख्याध्यापकांचा मला राग येतो, आई आहे मी. सगळ्यांसमोर "शिक्षण सेवक आहेस, तीन वर्षं गप राहा" म्हणणं चूकच. सोळा हजार मानधनावर घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या पोराला हे ऐकवायचं नसतं. पण मी हेही बघते की ते खरे मुख्याध्यापक नाहीतच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. तुमचा पट सत्तरच्या आसपास. म्हणजे दोन वर्ग शिकवायचे, वर चार्ज सांभाळायचा, तांदळाचा साठा, ऑनलाइन माहिती, केंद्रावरच्या बैठका, आणि निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं देऊ नयेत असं आहे, पण रोजच्या माहितीच्या मागण्यांचं काय, ते तू बघतोसच. त्या माणसालाही कोणी किल्ली दिलेली नाही.

म्हणून एक करून बघ. आठवड्यातून एक दिवस त्यांना म्हण, "सर, पोषण आहाराची नोंदवही आज मी भरतो, तुम्ही चौथीला गणित घ्या." मी ऐकलंय तुझ्याकडूनच, त्यांचं गणित चांगलं आहे. हे लाळघोटेपणा म्हणून नाही. शिकवायला मिळालं की मास्तरचा चेहरा बदलतो, मी बघितलंय. खिचडी शिजवणाऱ्या ताईंशी बोलत जा, मुलांच्या घरची भाषा आणि घरची परिस्थिती त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसते. शिक्षण परिषदेला जाशील तेव्हा मागच्या रांगेत मोबाइल बघत बसू नकोस, तिथे तुझ्यासारखं एक तरी माणूस असेल, त्याचा नंबर घे. आणि अपमान वाढला तर सहन करत राहू नकोस. तारीख घालून लिहून ठेव आणि केंद्रप्रमुखांना लेखी दे. मी तेव्हा दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाबा म्हणतात, नाहीच जमलं तर परत ये, घर आहे. मीही तेच म्हणते. पण "माझ्यात नाही" असं म्हणून येऊ नकोस.

सोबतच्या पुडक्यात माझी कार्डं आहेत. कडा मऊ झाल्यात, काहींवर अजून वधूवरांची नावं वाचता येतात. 'ळ' चं कार्ड कुठेतरी हरवलंय. तेवढं तू कर, आणि कोणत्या मुलाने ते पहिल्यांदा उचललं ते मला फोनवर सांग.

तुझी,
आई