बसू, तूच सांग

शिवाजी पेठ, कोल्हापूर
30 मे

प्रिय बसू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा तसाच, दादांची शुगर त्यांच्या मते नाहीच. सईच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी आहे म्हणून आलोय, गुरुवारी परत. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मधेच ती पेनल्टी निघते. ती मीच मारायला पाहिजे होती, एवढं लिहून तो विषय बंद.

काल संध्याकाळी बोळात पोरं रबरी बॉलनं खेळत होती. चिनू पायरीवर बसून बघत होता. पाटलांच्या धाकट्यानं हातानं बॉल अडवला, पायाखाली घेतला आणि गोल मारून नाचायला लागला. तसा चिनू उठला, थेट मधे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, ‘दास गिल्ट निश्ट!’ म्हणजे हे धरायचं नाही. आणि तिथं थांबला नाही. हातवारे करत आणखी चार वाक्यं, तीही खणखणीत जर्मनमध्ये. पेठेतली पोरं, पंचाच्या बापाचं न ऐकणारी. त्यांनी मुकाट्यानं बॉल त्याच्या हातात दिला. मी दारात बशीतला चहा घेऊन उभा होतो, तो सदऱ्यावर सांडला.

यात एवढं काय, असं वैशालीचा भाऊ म्हणाला. तुला तसं वाटणार नाही. स्टुटगार्टच्या बालवाडीत हे पोरगं सप्टेंबरपासून एक अक्षर बोललेलं नाही.

घरी तोंड मिटत नाही, मराठीत अखंड पट्टा. तिथं मात्र बंद. सुरुवातीला आईबापांना वर्गातच बसवून घेतात. आधी आपण कोपऱ्यात, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं करत पोराला सवय लावतात. मी त्या वीतभर खुर्चीवर गुडघे छातीला लावून बसायचो. वाटायचं, जमेल. रडला नाही, कुणाला मारलं नाही. दारातल्या खुंट्यांवर नाव नसतं, प्रत्येकाचं चित्र असतं. याच्या खुंटीला गोगलगाय आहे. सकाळी सगळे गोल बसून आपापलं नाव सांगतात, तेव्हा हा नुसता त्या गोगलगायीकडं बोट करतो. शूला जायचं असलं की बाईंची बाही ओढतो. सांगितलेलं सगळं कळतं. चिखलात खेळायची ती रबरी चड्डी सगळ्यांआधी याची चढलेली असते. बोलायचं तेवढं नाही.

डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम आहेत. म्हणाले, नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं काही महिने गप्प राहतात, आतल्या आत गोळा करत असतात, ‘बोल बोल’ म्हणून मागं लागू नका. फारच लांबलं तर त्यातल्या तज्ज्ञांना दाखवू. फार म्हणजे किती, ते विचारायला माझं जर्मन पुरलं नाही.

ऑफिसातला आपल्याकडचाच एक शहाणा म्हणतो, घरात जर्मनच बोला. बालवाडीच्या बाई म्हणतात, अजिबात नको, घरात तुमचीच भाषा बोला, ती पक्की असली की दुसरी तिच्यावर उभी राहते. मला बाईंचं पटतं. माझं जर्मन ऐकलं तर पोरगं जन्मभर गप्प बसेल. सई तर माझी वाक्यं भर दुकानात दुरुस्त करते. तिला नवख्या मुलांच्या तयारीच्या वर्गात घातलं होतं, तिथून ती कधी सुटली कळलंच नाही. चौथीनंतर तिथं कोण कुठल्या शाळेत जायचं ते ठरतं, आपल्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त धसका. पण सईची काळजी नाही. ती तुझ्यासारखी नाही.

चिनू आहे. हल्ली ट्राममध्ये मी मराठीत बोलायला लागलो की तो माझ्या तोंडावर तळहात ठेवतो. दाबत नाही, नुसता ठेवतो. उतरलो की काढतो. हे मी वैशालीला सांगितलेलं नाही. तिला तिथलं बाकी सगळं मानवलंय. जिना झाडायची पाळी आली की शेजारीण दाराला पाटी अडकवून जाते आणि ही पहाटे उठून झाडते. कोल्हापुरात केरसुणी कुठं असते ते हिला माहीत नव्हतं, असं आई म्हणते. त्यावरून परवा दोघींचं झालंही थोडं.

आता मुद्दा. पुढच्या सप्टेंबरात चिनू पहिलीला. त्याआधी सरकारी तपासणी असते, त्यात भाषाही बघतात. बाईंनी हळूच सुचवलंय की वाटल्यास एक वर्ष थांबवता येईल, विचार करा. शाळा टाळायची सोय तिथं नाही, घरी शिकवतो म्हटलेलंही चालत नाही. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, पोर न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे मी बाईंना अभिमानानं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फॉर्म पुढं केला.

तुला संकेश्वरात कानडीत पहिली झालेली असताना इथं परत आमच्याबरोबर पहिलीत बसवलं. दिवाळी उलटली तरी तू तोंड उघडलं नव्हतंस. हजेरीला तुझ्या नावापुढं ‘हजर’ मीच ओरडायचो, बाईंनाही त्याची सवय झाली होती. मग तुझ्या मामानं आपल्याला शाहू स्टेडियमवर नेलं, पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच, आणि तू कठड्यावर चढून पहिलं मराठी वाक्य बोललास: ‘ए पंच, डोळं फुटलं काय तुझं!’ अख्खी गॅलरी मागं वळली होती. मामानं तुला थोबाडायच्या ऐवजी भेळ दिली. लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात, मीही लग्नात सांगितली. पण त्याआधीचे महिने तू काय करत होतास, हे मी कधी विचारलं नाही. भीती होती? राग होता? की मजेत होतास आणि आम्हीच उगाच कीव करत होतो? आणि ते वर्ष मागं बसवलं ते बरं झालं की खुपलं? आमच्यापेक्षा वर्षानं मोठा म्हणून तू कॅप्टन झालास, ते मला माहीत आहे. मी आतलं विचारतोय.

मोठेपणाचं उत्तर देऊ नकोस. ‘होतं सगळं नीट’ हे मला दादांनी सांगून झालंय.

तुझ्या थोरलीचा दहावीचा निकाल लागला ना? गोदामाचं छप्पर झालं का? वहिनींची बदली रद्द झाल्याचं अव्वांकडून कळलं, बरं झालं.

बुधवारपर्यंत कधीही ये. हुबळीहून सकाळी निघालास तर दुपारी आईच्या हातचा पांढरा रस्सा आहे. चिनूला बघ, त्याच्याशी खेळ, बोलायला लावू नकोस, आणि मग मला सांग. येताना धारवाडचे पेढे आण, निकालाचे तेच धरू. आणि सीमेवर बंदबिंद असला तर कोगनोळीपर्यंत ये, अलीकडं मी गाडी घेऊन उभा राहतो.

तुझा,
संज्या