हाकोनेच्या ताईंना, चित्रं कडेने बघायला शिकवल्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार फोनवर मानून झाले, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितो आहोत. जपानमधल्या हाकोनेचं चित्रसंग्रहालय कसं बघायचं याची जी दोन पानं तुम्ही आमच्या चित्रकला शिक्षकांच्या गटाला लिहून दिलीत, ती आमच्याच फायलीत पडून राहिली तर तुमच्या कष्टांचं चीज होणार नाही. हाकोनेला जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा रोपवे, ओवाकुदानीची काळी अंडी आणि आशी तलावातलं जहाज एवढं करून परततो. पण मोतोहाकोनेला जिथे जहाज लागतं, त्या धक्क्याच्या वरच्याच टेकडीवर नारुकावा कला संग्रहालय आहे. १९८८ साली सुरू झालेलं आणि निहोंगाला, म्हणजे जपानी पद्धतीच्या आधुनिक चित्रांना वाहिलेलं. संग्रह सुमारे ४,००० चित्रांचा, पण एका वेळी त्यातली थोडीच भिंतीवर असतात. दीड-दोन तासांत नीट बघून होतं, फक्त ते कसं बघायचं हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. ते तुम्ही सांगितलंत.

पहिले आभार बसबद्दल. ओदावारा आणि हाकोने-युमोतोहून वर येणाऱ्या बस दोन कंपन्यांच्या आहेत. हाकोने फ्री पास, म्हणजे ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणारं तिकीट, ओदाक्यू गटाच्या बसवर चालतो, इझुहाकोनेच्या बसवर चालत नाही. पास हातात असूनही चुकीच्या बसमध्ये चढलं की उतरताना वेगळं भाडं मोजावं लागतं, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. तुम्ही बसवरचं अक्षर बघायला सांगितलंत. ‘एच’ची बस मियानोशितावरून जाते, ‘के’ची बस हाताजुकू गावावरून, जुन्या तोकाइदो मार्गाच्या बाजूने. युमोतोहून दोन्हींना साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. नोव्हेंबरात पानं लाल होतात तेव्हा आणि सुट्टीच्या दिवशी मियानोशिताकडचा रस्ता तुंबतो. अशा वेळी ‘के’ बरी. उतरायचं ‘मोतोहाकोने-को’ला, ‘को’ म्हणजे बंदर. तिथून वर चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. २ आणि ३ जानेवारीला तोक्यो-हाकोने रिले शर्यत याच डोंगरातून धावते आणि रस्ते बंद होतात, म्हणून त्या दोन दिवसांवर तुम्ही लाल फुली मारली होती. एवढी एक फुलीसुद्धा कुणाची अख्खी सहल वाचवू शकते.

संग्रहालय सकाळी ९ ला उघडतं आणि ५ ला बंद होतं. त्यातली ९ ची वेळ का गाठायची, तर फुजीसाठी. वरच्या बैठकीच्या दालनाला सुमारे ५० मीटर रुंदीची काच आहे. तिच्यातून आशी तलाव, पाण्यात उभं असलेलं हाकोने देवस्थानाचं लाल तोरण आणि नशीब असेल तर ३,७७६ मीटरचा फुजी, हे सगळं एका नजरेत मावतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी हवा कोरडी असते तेव्हा तो दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दिवस चढतो तसे ढग जमतात, आणि जून-जुलैच्या पावसात तर आशाच सोडायची. तलाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच आहे. समुद्राकडची दमट हवा डोंगर चढताना गार होते, त्यामुळे ओदावाराला लख्ख ऊन असतानाही वर हाताला हात दिसू नये असं धुकं असू शकतं. तुमचा नियम आम्ही पाठ केला: फुजी दिसत असेल तर आधी काच, मग चित्रं, नसेल तर आधी चित्रं, आणि निघताना पुन्हा एकदा काच.

त्यालाच जोडून तुम्ही लिहिलेली एक ओळ फार मोलाची. काचेपाशी डोळे उजेडाला सरावलेले असतात आणि चित्रदालनात प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो. कागद आणि रेशीम उजेडाने पिवळतात, ठिसूळ होतात, वनस्पतीचे रंग उडतात. अशा कामांसाठी संग्रहालयांत ५० लक्सच्या आसपासचा प्रकाश धरतात. उजेडातून थेट आत गेलं की सगळी चित्रं मेल्यासारखी वाटतात आणि माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो. दारापाशी दोन-तीन मिनिटं नुसतं थांबायचं. मग निळा हळूहळू निळा होतो.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

निहोंगाचा रंग ट्यूबमधून येत नाही. तो खनिज दगडांतून येतो: अझुराइट कुटून निळा, मॅलाकाइट कुटून हिरवा, हिंगूळ कुटून लाल. एकाच दगडाची पूड दाण्याच्या जाडीनुसार वेगळी करतात आणि तिला क्रमांक देतात, साधारण ५ पासून १३ पर्यंत, आणि त्याहून बारीक ती ‘ब्याकू’. आकडा लहान तेवढा दाणा जाड आणि रंग गडद. दाणा बारीक होत जातो तसा तो जास्त उजेड विखुरतो, म्हणून रंग फिका पडत जातो. पांढरा मिसळून फिका निळा मिळवण्याची आपली सवय इथे कामाची नाही. फिका निळा हवा तर बारीक दाणा घ्यायचा. आमच्यातल्या वर्षानुवर्षं पोस्टर कलर शिकवणाऱ्यांना हे एवढं सोपं करून दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

ही पूड चिकटते सरसाने. जनावराच्या कातड्याचा सरस, अंदाजे १०० मिलिलिटर पाण्याला १० ग्रॅम, रात्रभर भिजवायचा आणि गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. मग पांढऱ्या बशीत पूड आणि सरस बोटानेच मळायचे, ब्रशने नाही, कारण प्रत्येक दाण्याला सरस लागला की नाही हे बोटालाच कळतं. सरस कमी पडला तर रंग वाळल्यावर पूड होऊन झडतो, जास्त झाला तर रंग काळवंडतो, चकाकतो आणि पुढे भेगा पडून त्याच्या खपल्या निघतात. कागदालाही आधी सरस आणि तुरटीचं पाणी देतात, नाहीतर रंग टीपकागदासारखा शोषला जातो. पांढरा रंग शिंपल्याचा. वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून कुजवलेले शिंपले कुटतात, पूड सरसात मळून तिचा गोळा करतात आणि तो बशीवर शंभरेक वेळा आपटतात. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला ते कशासाठी हे लगेच कळेल: आतली हवा निघते आणि गोळा एकजीव होतो.

हे ठाऊक असलं की तुम्ही सांगितलेलं ‘कडेने बघा’ उमगतं. चित्रासमोर उभं राहून झालं की एका कडेला जायचं, हातभर अंतर राखून नजर भिंतीलगत तिरपी टाकायची. समोरून सपाट वाटलेला निळा डोंगर तिथून ओल्या वाळूसारखा दिसतो. जाड दाणे चमकतात, बारीक दाणे दुधाळ राहतात, एका थरामधून खालचा थर डोकावतो. छापील पुस्तकात किंवा मोबाईलच्या फोटोत यातलं काहीच येत नाही, म्हणून तर तिथवर जायचं. यामामोतो क्यूजिन, हिरायामा इकुओ, होरी फुमिको ही चित्रकारांची नावं तुम्ही देवनागरीत लिहून दिली होतीत, त्यामुळे पाट्या बघताना ती कानाला ओळखीची झाली होती. होरी फुमिको बाई वयाची ऐंशी ओलांडल्यावर हिमालयात खसखशीच्या जातीचं निळं फूल शोधायला गेल्या, आणि ते त्यांनी रंगवलं.

आपल्या मुलांना हे सांगताना आम्ही अजिंठ्यापासून सुरुवात करतो. तिथेही दगडमातीचेच रंग, कोरड्या गिलाव्यावर सरसासारख्या चिकट द्रव्याने बसवलेले, आणि निळ्यासाठी दुरून आणलेला लाजवर्द दगड. जपानी चित्रकार अराई कांपो यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. दोन ठिकाणच्या रंगपेट्या एकमेकींना इतक्या जवळच्या असल्यामुळे त्यांचा हात तिथे परका नसणार.

अंघोळीबद्दलही तुम्ही वेळेवर बजावलंत. संग्रहालय आधी, गरम पाण्याचं कुंड नंतर. उलट केलं तर अंग सैलावतं, केस ओले राहतात आणि चित्रासमोर डुलक्या येतात. शिवाय चांदी! युमोतोचं पाणी सौम्य अल्कधर्मी आहे, पण वर आशिनोयूसारख्या ठिकाणी गंधकाचं, आणि त्यात जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी तासाभरात काळी पडते. चांदीचा वर्ख लावलेल्या जुन्या जपानी पडद्यांवरचा चंद्रही याच कारणाने काळा झालेला दिसतो. म्हणूनच आताचे चित्रकार पुष्कळदा प्लॅटिनमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख वापरतात. जोडवी आधीच काढून पिशवीत ठेवायची. आणि ज्यांच्या आईच्या किंवा आजीच्या हातावर गोंदण आहे त्यांनी आधी विचारून घ्यावं, कारण अनेक सार्वजनिक कुंडांत गोंदलेल्या माणसाला सोडत नाहीत; तासावर मिळणारं खासगी कुंड त्यांच्यासाठी सोयीचं. ही सूचना दुसरीकडे कुठे वाचायला मिळाली नसती.

बाकीचं थोडक्यात: १०० येनचं एक नाणं लॉकरसाठी खिशात, टिपणासाठी पेन नाही तर पेन्सिल, ओली छत्री दाराशीच, फोटोआधी पाटी बघणे. तिथल्या चहागृहात माच्चासोबत, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या पेयासोबत, मिळणाऱ्या मिठाईत बहुतेकदा अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण असतं, पुरणाच्या जवळचं. शाकाहारी माणसाला ते चालतं, खालच्या दुकानांतल्या नूडल्सच्या रश्शात मात्र बहुतेकदा मासळीचा अर्क असतो.

ताई, तुम्ही गावी याल तेव्हा अजिंठ्याला आम्ही नेऊ. १ क्रमांकाच्या लेण्यात कडेने बघायला मिळत नाही, कठडा आडवा येतो, पण पद्मपाणीचा मुकुट कुठे उभं राहिलं की नीट दिसतो हे आम्हाला ठाऊक आहे. सोमवारी लेणी बंद असतात. तो सोडून कुठलाही वार कळवा.

आपली,
चित्रकला शिक्षक मंडळी